चोरट्या प्रती, कायदा आणि लोकमत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा संप, बोनस, वेतनकरार यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो निराळाच. इंटरनेटवरील चोरट्या प्रती रोखण्यासाठी अमेरिकेत आणि युरोपात जे कायदे होऊ घातले होते, त्यांना २०१२ साली लोकांनी जो विरोध केला, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. ज्याची शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, अशा माणसाने या विषयाला हात का घालावा, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर म्हणून आधी आमच्याच पूर्वायुष्यातील एक हकीकत सांगतो.

सील ठोकलेला छापखाना

१९८०च्या दशकाच्या अखेरीस आम्ही एका जिल्ह्याच्या गावी छापखान्यात खिळे जुळवीत असू. एकंदर चौदा जण होतो. दिवसा लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींची पावतीपुस्तके, सहकारी सोसायट्यांचे अहवाल अशी कामे चालत. एका उन्हाळ्यात मालकाने रात्रपाळी सुरू केली आणि दहावीच्या एका खपाऊ गाईडाच्या चोरट्या प्रती छापून घेतल्या. जादा कामाचा दर मिळत होता, म्हणून आम्ही काही विचारले नाही, हे आज कबूल केले पाहिजे. पुढे मूळ प्रकाशकाच्या तक्रारीवरून पोलीस आले. पंचनामा झाला, गठ्ठे उचलले गेले, आणि छापखान्याच्या दाराला सील ठोकले गेले. मालकाला दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. सील मात्र सात आठवडे निघाले नाही. ज्यांच्या पत्रिका आत अडकल्या होत्या त्यांची लग्ने पत्रिकांवाचून लागली. एका कवीच्या पहिल्यावहिल्या संग्रहाचे जुळविलेले फर्मे धूळ खात पडले. आणि चौदा घरांत सात आठवडे पगार आला नाही.

सील निघाल्यावर एक गृहस्थ काम विचारीत आले. शाळामास्तर होते; सुट्टीत प्रुफे तपासून चार पैसे मिळवीत. ते गाईड त्यांनीच लिहिलेले होते हे कळताच आम्ही ओशाळलो आणि म्हणालो, "मास्तर, आमच्या हातून तुमचं नुकसान झालं." मास्तर हसले. "अरे, माझं काय गेलं? मी बाराशे रुपयांत हस्तलिखित देऊन मोकळा झालो होतो. खरी प्रत खपली तरी मला काही नाही, खोटी खपली तरी काही नाही."

या हकीकतीतील तीन गोष्टी आम्ही कधी विसरलो नाही. चोरी झाली होती, ती खरी होती. शिक्षा झाली ती मात्र चोरापेक्षा दाराला आणि दारामागच्या निरपराध माणसांना अधिक झाली. आणि ज्याच्या श्रमाच्या रक्षणासाठी म्हणून कायदा धावून आला, त्या मास्तरांचा या व्यवहारात कोठेच हिशेब नव्हता.

वाद जुनाच आहे

हा वाद इंटरनेटने जन्माला घातला असे कित्येकांस वाटते. पण तो छापखान्याइतकाच जुना आहे. लंडनमध्ये पुस्तके छापण्याचा मक्ता पूर्वी स्टेशनर्स कंपनी या पुस्तकविक्रेत्यांच्या आणि मुद्रकांच्या मंडळीकडे असे, आणि राजसत्तेला नको असलेली पुस्तके दाबण्याच्या कामीही तिचा उपयोग होई. मक्ता आणि मुस्कटदाबी ही भावंडे तेव्हापासूनची होत. १७१० साली अ‍ॅन राणीच्या कारकिर्दीतील कायद्याने हक्क प्रथम लेखकाच्या नावे लिहिला गेला, आणि तोही मुदतीचा. नव्या पुस्तकास चौदा वर्षे, लेखक हयात असल्यास आणखी चौदा. पुस्तकविक्रेत्यांना तेवढ्याने समाधान नव्हते. हक्क कायमचा आहे असे ते म्हणत राहिले. एडिंबरोचा अलेक्झांडर डोनाल्डसन स्वस्त आवृत्त्या काढीत असे. त्याच्या खटल्यात १७७४ साली लॉर्डांच्या सभागृहाने कायमच्या हक्काचा हा दावा फेटाळला.

पुढे १८३७ साली टॅलफर्ड नावाच्या सभासदाने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालावा असे विधेयक इंग्लंडच्या पार्लमेंटात आणले. वर्डस्वर्थसारखा महाकवी त्याच्या बाजूस होता. डिकन्सने तर आपली 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी टॅलफर्डलाच अर्पण केली. विरोध कोणी केला? प्रकाशकांनी केला हे साहजिकच आहे. पण त्यांच्याबरोबर मुद्रकांनी आणि खिळे जुळविणाऱ्या कामगारांनीही अर्ज धाडले. केंडल या लहानशा गावच्या मुद्रकांनी आणि कंपॉझिटरांनी असा अर्ज केला तेव्हा १८३८ साली खुद्द वर्डस्वर्थला वर्तमानपत्रात पत्र लिहून त्यांना उत्तर द्यावे लागले. पुस्तके महाग झाली तर आवृत्त्या कमी निघतील आणि आपले काम जाईल, असा त्या कामगारांचा हिशेब होता. महाकवीला केसेवर उभ्या असलेल्या कामगाराशी वाद घालावा लागतो, हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा आमची छाती फुगली होती.

या विधेयकास १८४१ साली मोठा धक्का दिला तो मेकॉलेने. आपल्या शिक्षणाविषयी १८३५ साली टिपण लिहिणारा तोच हा मेकॉले. त्या टिपणाबद्दल आपण त्याला बरेच काही बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण पार्लमेंटातील त्याच्या या भाषणाचा मुद्दा विसरण्याजोगा नाही. कायदा लोकांच्या न्यायबुद्धीपलीकडे ताणला तर सभ्य माणसेही चोरटी प्रत घेण्यात पाप मानणार नाहीत, आणि मग लेखकाच्या रास्त हक्कालाही कोणी विचारणार नाही, असे त्याने बजावले. विधेयक पडले. १८४२ साली जो कायदा झाला त्यात लेखकाचे आयुष्य आणि पुढे सात वर्षे, किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जी मुदत लांब ती, अशी तडजोड झाली.

'सोपा' नावाचे अवघड प्रकरण

आता १८४२ वरून २०१० वर येऊ. या अवधीत पुस्तकाच्या जोडीला ध्वनिमुद्रिका आली, चित्रपट आला, आणि शेवटी असे यंत्र आले की त्यात एका प्रतीच्या लाख प्रती काढण्यास ना कागद लागतो ना शाई. चित्रपट आणि संगीताच्या धंद्याचे यात नुकसान होत होते हे नाकारण्यात अर्थ नाही. परदेशात ठाण मांडून अमेरिकन चित्रपटांच्या चोरट्या प्रती वाटणाऱ्या संकेतस्थळांपर्यंत अमेरिकेच्या न्यायालयांचा हात पोहोचत नव्हता. तो पोहोचावा म्हणून २०१० साली सेनेटमध्ये एक विधेयक आले. न्यायसमितीने ते १९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले. पण ऑरेगॉनचे सेनेटर रॉन वायडन यांनी ते अडवून धरले. त्याचीच सुधारलेली आवृत्ती सेनेटर पॅट्रिक लेही यांनी मे २०११ मध्ये आणली. समितीत ती पुन्हा एकमताने संमत झाली, आणि वायडन यांनी ती पुन्हा अडविली. प्रतिनिधिगृहात तिचे जुळे भावंड २६ ऑक्टोबर २०११ रोजी टेक्ससचे लामार स्मिथ यांनी मांडले. सेनेटमधील विधेयकास आद्याक्षरांवरून 'पिपा' म्हणत आणि प्रतिनिधिगृहातील विधेयकास 'सोपा'. नाव सोपा असले तरी प्रकरण सोपे नव्हते.

त्यात होते काय? सरकारने न्यायालयाचा हुकूम आणला की इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनी त्या परदेशी संकेतस्थळाची वाट आपल्या ग्राहकांस बंद करावयाची, शोधयंत्रांनी त्याचे दुवे काढून टाकावयाचे, पैसे पोहोचविणाऱ्या आणि जाहिराती देणाऱ्या कंपन्यांनी त्याच्याशी व्यवहार तोडावयाचे. 'सोपा'च्या मूळ मसुद्यात याहून कडक असे एक कलम होते. हक्कदार कंपनीने नुसते पत्र धाडले आणि संकेतस्थळवाल्याने हरकत घेतली नाही, तर न्यायाधीशाचे तोंडही न पाहता पाच दिवसांत त्याचा पैसा आणि जाहिराती बंद व्हावयाच्या. शिवाय इतरांच्या कृती परवानगीवाचून प्रक्षेपित केल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होतीच. आणि ज्या संकेतस्थळांवर चोरीला मदत होते त्यांचे वर्णन असे सैल केले होते की, हजारो लोक जेथे आपापला मजकूर ठेवतात अशा एखाद्या ठिकाणी दहाजणांनी चोरी केली तर सारे ठिकाणच कचाट्यात यावे. वाटा बंद करण्याच्या तरतुदीमुळे इंटरनेटच्या पत्ते शोधण्याच्या व्यवस्थेची सुरक्षितता खिळखिळी होईल, असे इंटरनेटच्या उभारणीत भाग घेतलेल्या ८३ अभियंत्यांनी डिसेंबर २०११ मध्ये जाहीर पत्राने कळविले.

आम्हांस हे वाचताना आमचा छापखाना आठवला. चोरट्या गाईडाचे गठ्ठे उचला, मालकाला पकडा, याला कोण नाही म्हणेल? पण सील ठोकायचे दाराला, आणि तेही मालकाचे म्हणणे ऐकण्यापूर्वी, हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखेच आहे. ही भीती काल्पनिकही नव्हती. संगीतविषयक लिखाण करणारे 'दाजाझ वन' नावाचे एक संकेतस्थळ अमेरिकी सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये, हे नवे कायदे नसतानाही, जप्त केले होते. वर्षाहून अधिक काळ ते बंद राहिले, आणि डिसेंबर २०११ मध्ये कोणताही आरोप न ठेवता मालकाला परत देण्यात आले.

आमचीच माणसे पलीकडे

आता या कथेतील असा भाग येतो की जो सांगणे आम्हांस जड जाते. या विधेयकांच्या मागे चित्रपट कंपन्या होत्या, गाण्यांच्या कंपन्या होत्या, औषध कंपन्या होत्या. चित्रपट कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख ख्रिस डॉड हे स्वतः तीस वर्षे सेनेटर राहिलेले गृहस्थ होते. अमेरिकेतील भांडवलदारांचे मोठे मंडळ, चेंबर ऑफ कॉमर्स, हेही होते. आणि त्याच रांगेत अमेरिकेतील कामगार संघटनांचा महासंघ, एएफएल-सीआयओ, उभा होता. नटांची संघटना, दिग्दर्शकांची संघटना, पडद्यामागे दिवे आणि देखावे उभारणाऱ्या कामगारांची संघटना, या सर्वांनी विधेयकांना पाठिंबा दिला. १६ नोव्हेंबर २०११ रोजी प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीपुढे सहा साक्षीदार बोलाविले गेले, त्यांत कामगार महासंघाचा प्रतिनिधी होता. विधेयकाला सरळ विरोध करणारा साक्षीदार एकच, तोही गूगल कंपनीचा. वाचकांचा प्रतिनिधी नव्हता, ग्रंथपाल नव्हता, अभियंता नव्हता.

आमच्या या बंधूंना आम्ही मूर्ख म्हणणार नाही. सुतार, वेशभूषाकार, ध्वनिमुद्रक यांचे निवृत्तिवेतन आणि आजारपणाचा विमा चित्रपटाच्या पुढच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेवर पोसला जातो. ती विक्री बुडाली तर त्यांच्या पोटावर पाय येतो, आणि सभासदांच्या पोटाची चिंता करणे हेच संघटनेचे काम आहे. पण संघटनेने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी होती. सुनावणीशिवाय शिक्षा, सैल शब्दांची कलमे आणि एकाच्या अपराधासाठी साऱ्या जागेला टाळे, ही हत्यारे कामगार चळवळीवर किती वेळा उगारली गेली आहेत! सभाबंदीचे हुकूम, संपबंदीचे वटहुकूम, पत्रके जप्त करण्याचे अधिकार यांच्या मजकुरातही हेतू नेहमी चांगलाच लिहिलेला असतो. १८३८ साली केंडलच्या कंपॉझिटरांनी मालाबरोबर वाचकाचाही विचार केला होता. २०११ साली त्यांच्या वारसांनी तो केला नाही.

एका दिवसाचा हरताळ

विरोध प्रथम तुरळक होता. १६ नोव्हेंबरच्या सुनावणीच्याच दिवशी टम्ब्लर या संकेतस्थळाने आपल्या वाचकांस लोकप्रतिनिधींना दूरध्वनी करण्याची सोय करून दिली, आणि सुमारे ८७ हजार दूरध्वनी गेले. डिसेंबरात न्यायसमितीने कलमवार चर्चा केली, तेव्हा आपणास या तंत्रातील काही कळत नाही असे काही सभासदांनी उघडच सांगितले. ही चर्चा देशभर लोक संगणकावर पाहत होते, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नसावे. त्याच महिन्यात गोडॅडी या संकेतनामे विकणाऱ्या कंपनीने विधेयकाला पाठिंबा दिल्याचे कळताच ग्राहकांनी बहिष्कार पुकारला, आणि दोन दिवसांत, २३ डिसेंबर रोजी, कंपनीने पाठिंबा काढून घेतला. बहिष्काराचे शस्त्र आम्हां हिंदी लोकांस नवे नाही. ते इतक्या लवकर लागू पडलेले मात्र क्वचितच पाहिले.

जानेवारीत वारे फिरले. वाट बंद करण्याचे कलम काढून टाकण्याची तयारी स्मिथ यांनी दाखविली. १४ जानेवारी २०१२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीने कलमांविषयी जाहीर नापसंती कळविली. पण सेनेटमधील मतदान २४ जानेवारीला ठरलेलेच होते. तेव्हा विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीचे संपादक म्हणजे पगार न घेता लिहिणारी माणसे विचारविनिमयास बसली. तीन दिवसांत १,८०० हून अधिक जणांनी मत मांडले, आणि १८ जानेवारीला चोवीस तास विश्वकोश बंद ठेवावयाचे ठरले. आमच्या भाषेत याला संपाचे मतदान म्हणतात. असा प्रयोग इटालियन आवृत्तीने ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या देशातील एका विधेयकाविरुद्ध केलेला होता.

१८ जानेवारीला ज्याने विश्वकोश उघडला त्याच्यापुढे काळे पान आले, आणि आपला प्रतिनिधी कोण, त्याचा दूरध्वनी कोणता, हे शोधण्याची सोय त्यावर होती. ते पान १६ कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले; ८० लाखांहून अधिक वाचकांनी प्रतिनिधींचा ठावठिकाणा शोधला. गूगलने आपले नाव काळ्या पट्टीने झाकले आणि त्याच्या अर्जावर ७० लाख सह्या झाल्या. न्यूयॉर्कमध्ये सेनेटरांच्या कचेरीपुढे माणसे प्रत्यक्ष जमली. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दोन्ही सभागृहांतील सभासदांच्या भूमिकांची नोंद ठेवली होती. तीनुसार १८ जानेवारीला ८० समर्थक आणि ३१ विरोधक होते. १९ जानेवारीला ६५ समर्थक आणि १०१ विरोधक झाले. विधेयकावर सही केलेल्यांनीही सह्या मागे घेतल्या. २० जानेवारीला सेनेटमधील मतदान पुढे ढकलले गेले, स्मिथ यांनीही आपले विधेयक थांबविले. पुढे ती दोन्ही तशीच विरून गेली.

विजय कोणाचा?

टाळ्या वाजविण्यापूर्वी थोडा विचार केला पाहिजे. दुकान कामगाराने बंद केले तर संप, मालकाने बंद केले तर टाळेबंदी. विकिपीडियाचा हरताळ लिहिणाऱ्यांनी मतदान करून केला. गूगलची काळी पट्टी मात्र कंपनीच्या कचेरीत ठरली, आणि विधेयक पडण्यात त्या कंपनीचा स्वार्थ होता. लाखो लोक खरे होते, त्यांचा राग खरा होता. तथापि त्यांना एका दिवसात एकत्र आणणारा भोंगा कोणाच्या हातात होता, हे विसरून चालणार नाही. आज त्या भोंग्याने आपली हाक दिली, उद्या तो मुका राहू शकतो.

दुसरेही एक आहे. हरताळाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला, अमेरिकी सरकारने मेगाअपलोड नावाचे प्रचंड संकेतस्थळ बंद केले आणि न्यूझीलंडमध्ये त्याच्या चालकास अटक झाली. म्हणजे जुन्या कायद्यानेही परदेशातील माणसावर हात टाकता येत होता. पण तेथेही दाराला सील पडलेच. त्या ठिकाणी आपले स्वतःचे साहित्य ठेवणारी माणसे होती. शाळकरी मुलांच्या सामन्यांचे चित्रण करून पोट भरणाऱ्या एका गृहस्थास आपले चित्रण परत मिळविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यांची आणि आमच्या कवीची अवस्था एकच.

पोलंडची थंडी

म्हणूनच आमचे मन अमेरिकेपेक्षा पोलंडकडे अधिक ओढ घेते. तेथे गूगलसारखी बलाढ्य कंपनी भोंगा वाजवीत नव्हती. नकली माल आणि चोरट्या प्रती यांविरुद्ध 'ॲक्टा' नावाचा आंतरराष्ट्रीय करार २००८ पासून काही श्रीमंत राष्ट्रे बंद खोलीत शिजवीत होती. अधिकृत मसुदा लोकांपुढे आला तो एप्रिल २०१० मध्ये. शेवटच्या मसुद्यातून पुष्कळशी कडक कलमे गळाली होती हे खरे. पण लोकांना खोलीबाहेर ठेवल्याने जो विश्वास गेला तो परत आला नाही.

या कराराशी आपल्या देशाचाही संबंध होता. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीचे रक्तदाबावरील औषध ब्राझीलकडे जात असता नेदरलँड्समध्ये २००८ च्या अखेरीस अडविण्यात आले. येथे ते कायदेशीर होते, ब्राझीलमध्येही होते; केवळ वाटेतल्या देशात कोणाचा तरी हक्क होता. भारताने हे प्रकरण २०१० साली जागतिक व्यापार संघटनेत नेले, आणि 'ॲक्टा'विरुद्धही तेथे आक्षेप नोंदविला. नकली आणि स्वस्त यांतील फरक पुसला गेला तर गरिबाचे औषध चोरीचा माल ठरते, हे आपल्या प्रतिनिधींनी ओळखले होते.

२६ जानेवारी २०१२ रोजी टोकियोत युरोपीय संघाने आणि त्याच्या २२ सभासद राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. पोलंड त्यांत होता. त्याआधीच वॉर्सा, क्राकूफ आणि कितीतरी लहान गावांत हजारो तरुण कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर आले होते. सहीच्या दिवशी पोलंडच्या कायदेमंडळात काही सभासदांनी तोंडापुढे कागदी मुखवटे धरले. पोलंडच्याच मुलांना इतका राग का यावा? ज्या देशात १९९० पर्यंत सेन्सॉर होता, जेथे पुस्तके तळघरात छापून हातोहात फिरत, त्या देशात चोरटी प्रत या शब्दाला निराळा वास आहे. १९८० साली ग्दान्स्कच्या गोदीतील कामगारांनी ज्या एकवीस मागण्या फळ्यांवर लिहून लावल्या, त्यांत पहिल्या मागण्या पगाराच्या नव्हत्या. पहिली स्वतंत्र संघटनेची, दुसरी संपाच्या हक्काची, आणि तिसरी भाषण, मुद्रण आणि प्रकाशनाच्या स्वातंत्र्याची. भाकरीच्या लढ्यात छापील शब्दाची जागा कोठे आहे, हे गोदी कामगारांनी त्या क्रमानेच सांगून ठेवले.

पंतप्रधान डोनाल्ड तुस्क हे त्याच ग्दान्स्कचे, तरुणपणी त्याच चळवळीत वावरलेले. प्रथम ते अडून बसले. ३ फेब्रुवारीला त्यांनी कराराची पुढील कारवाई स्थगित केली, आणि १७ फेब्रुवारीला आपण चुकलो हे जाहीरपणे मान्य केले. सत्तेवर असताना असे म्हणणारे किती सापडतात? स्लोव्हेनियाच्या ज्या राजदूत बाईंनी करारावर सही केली होती, त्यांनीही देशबांधवांची क्षमा मागितली. ११ फेब्रुवारीला निदर्शने युरोपभर पसरली. ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय पार्लमेंटने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी करार फेटाळला. १६५ सभासद तटस्थ राहिले.

त्याच सुमारास आपल्याकडेही ठिणगी पडली. मद्रास उच्च न्यायालयाने 'थ्री' या तमिळ चित्रपटाच्या चोरट्या प्रती रोखण्याचा हुकूम दिला होता. त्याच्या आधारे इंटरनेट कंपन्यांनी मे २०१२ मध्ये अख्खी संकेतस्थळे बंद केली. ९ जूनला मुंबईच्या आझाद मैदानावर काही तरुण मुखवटे घालून निदर्शनास उभे राहिले. ज्या मैदानावर आमच्या आयुष्याचे निम्मे मोर्चे संपले, तेथे ही नवी मंडळी आली. संख्या थोडी होती. पण त्याच महिन्यात न्यायालयाने खुलासा केला की, बंद करावयाचे ते चोरीचे नेमके पान. सारे संकेतस्थळ नव्हे. गठ्ठा उचला, दार उघडे ठेवा! आम्हांस १९८०च्या दशकात जो हुकूम हवा होता तो हाच.

राहिलेला प्रश्न

विधेयके पडली, करार पडला. पण मास्तरांचा प्रश्न तसाच राहिला. विरोध करणाऱ्यांपैकी कित्येकांना वाटले की आता सर्व ठीक झाले. नटाचे, गीतकाराचे, लेखकाचे पोट कशावर चालावे याचे उत्तर त्यांनी दिले नाही. हा त्या चळवळीतील उणेपणा होता, आणि मित्र म्हणूनच तो सांगितला पाहिजे.

उत्तर दुसरीकडे, थोडेथोडे मिळाले. त्याच २०१२ साली मे महिन्यात आपल्या संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. चित्रपटासाठी गाणे लिहिणाऱ्याने आणि त्याला चाल लावणाऱ्याने निर्मात्याला सारे हक्क लिहून दिले, तरी चित्रपटगृहाबाहेर त्या गाण्याच्या वापरातून येणाऱ्या मानधनाचा समान वाटा त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही, असे तीत ठरले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. पैसा हाती पडण्यास पुढे बरीच कोर्टकचेरी झाली. पण कायदा योग्य जागी बोट ठेवतो. चोरावर पहारा बसविण्याआधी मालक आणि श्रमिक यांच्यातील करार तो तपासतो. त्याच दुरुस्तीत इंटरनेटवरील मजकुराविषयी अशीही सोय आहे की, तक्रार आल्यास मजकूर एकवीस दिवस थांबवावा. तेवढ्यात तक्रारदाराने न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो पुन्हा दाखविता येतो. न्यायाधीशाची वाट पाहणारा कायदा करता येतो याचा हा पुरावा.

आणि अमेरिकेत? तेथील चित्रपट व दूरचित्रवाणीच्या लेखकांनी २००७-०८ मध्ये शंभर दिवस संप करून इंटरनेटवरील लिखाण आपल्या कराराखाली आणले होते. २०२३ साली त्यांच्यापैकी सुमारे ११,५०० लेखक पुन्हा संपावर गेले, १४८ दिवस. नटही ११८ दिवस बाहेर राहिले. जे चित्रपट घरोघर इंटरनेटवरून पाहिले जातात त्यांच्या यशात वाटा, आणि लेखकाच्या जागी यंत्राला बसविण्यावर बंधने, या गोष्टी त्यांनी करारात लिहून घेतल्या. ज्या भाकरीसाठी त्यांच्या संघटनांच्या भावंडांनी २०११ मध्ये पहारेकऱ्याचा दंडुका मागितला होता, ती बारा वर्षांनी संपातून आली. वाचकाच्या तोंडावर दार न लावता आली. आता माणसांचे लिखाण गोळा करून यंत्रे शिकविण्याचा नवा वाद उभा राहिला आहे, आणि या वेळी कॉपी करणारे दुबळे नाहीत, बलाढ्य आहेत. कायदे पुन्हा लिहिले जातील, आणि त्यांच्या मथळ्यावर कलावंताचे नाव पुन्हा लिहिलेले असेल.

तेव्हा श्रोतेहो, असा कायदा आला की मथळा वाचून थांबू नका. तो लिहिताना खोलीत कोण बसले होते ते विचारा. ज्याला शिक्षा व्हावयाची त्याचे म्हणणे शिक्षेच्या आधी ऐकले जाणार की नंतर, ते विचारा. आणि चोरी थांबली तर वाचलेल्या पैशातून मास्तरांच्या घरी काय जाणार, हेही विचारा. तिसरा प्रश्न विसरला जातो असा आमचा अनुभव आहे, संघटनांच्या बैठकींतसुद्धा.

त्या मास्तरांकडून आम्ही पुढे शुद्धलेखन शिकलो. रोज संध्याकाळी, छापखाना बंद झाल्यावर, फुकट. आज हे व्याख्यान लिहून काढताना ऱ्हस्वदीर्घाशी अडलो की ते आठवत होते. त्यांचे गाईड पुढे कितीतरी वर्षे खपत राहिले. बाराशे रुपयांवर त्यांना आणखी एक पैसा मिळाला नाही.